बंद पेटीला प्रश्न कसे विचारायचे: आतलं काहीच माहीत नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी चाचणीचे इनपुट

वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, कुठल्याही तालुक्यातलं दूध संकलन केंद्र घ्या. काट्यावर दूध मोजलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगतं, संगणक दर काढतो आणि पावती बाहेर येते. मधल्या संगणकात नेमका काय हिशोब चालतो हे केंद्रावर कुणालाच ठाऊक नसतं. प्रोग्राम विकत घेतलेला असतो, त्याचा कोड मिळत नाही, कधीकधी तो लिहिणारा माणूसही आता त्या कामात नसतो. तरी त्याच पावतीवर दहा दिवसांचं बिल निघतं आणि त्याच बिलावर घर चालतं. म्हणून असं सॉफ्टवेअर तपासायचं काम नीट शिकून घेण्यासारखं आहे. या लेखात दूध केंद्राचं उदाहरण शेवटपर्यंत ठेवलं आहे. पतसंस्था, उसाचा काटा, बेदाण्याचे सौदे, कुठल्याही बंद प्रोग्रामला रीत हीच लागू पडते.

सगळ्यात आधी एक नियम. प्रत्येक इनपुट हा प्रश्न आहे, आणि प्रश्न विचारण्याआधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. "टाकून बघू काय येतं" असं म्हणून टाकलेले पाचशे आकडे वाया जातात, कारण पडद्यावर आलेला कुठलाही आकडा माणसाला खरा वाटतो. उत्तर आधी लिहिलं की फरक डोळ्यांत भरतो. उत्तर लिहिता येत नसेल तर निदान "यापेक्षा कमी येता कामा नये" एवढं तरी लिहा.

सुरू करण्याआधी

चालू केंद्रावर चाचणी करू नका. डेटाबेसची प्रत वेगळ्या संगणकावर घ्या आणि प्रोग्रामची तीच आवृत्ती तिथे बसवा. इंटरनेट तोडा, नाहीतर चाचणीतल्या पावत्यांचे मेसेज खऱ्या उत्पादकांच्या मोबाइलवर जातील. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मूळ प्रत परत टाकता येईल अशी सोय करा. ही सोय नसेल तर पन्नासाव्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या एकोणपन्नास प्रश्नांवर अवलंबून राहतं आणि चूक पुन्हा दाखवता येत नाही.

मग पेटीत काय काय जातं त्याची यादी करा. पडद्यावरचे रकाने सहज सुचतात: उत्पादक क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ किंवा लॅक्टोमीटरची डिग्री. खरी गडबड न दिसणाऱ्या इनपुटमध्ये असते. संगणकाची तारीख-वेळ, सत्र सकाळचं की संध्याकाळचं, त्या उत्पादकाची मागची नोंद, डोक्यावरची उचल, मध्येच बदललेलं दरपत्रक, प्रिंटरमध्ये कागद आहे की नाही, संगणकाच्या सेटिंगमध्ये दशांशचिन्ह टिंब आहे की स्वल्पविराम, हे सगळं इनपुटच आहे. यादीत प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, टप्पा किती. फॅट ०.१ च्या टप्प्यानं येतं की ०.०१ च्या, यावर पुढची सगळी आखणी ठरते.

अपेक्षित उत्तर आणायचं कुठून

पहिला आधार छापील दरपत्रकाचा. आपल्याकडे गायीच्या दुधाचा आधार ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीचा ६.० आणि ९.० असा धरायची पद्धत रुळलेली आहे. त्यापुढचे चढ-उतार दूध संघागणिक बदलतात. आपल्या केंद्राचं दरपत्रक स्प्रेडशीटमध्ये टाकून तिथे स्वतंत्र हिशोब मांडा. प्रोग्राममधून निर्यात केलेलं दरपत्रक मात्र वापरू नका. त्यात चूक असेल तर तुमच्या हिशोबातही तीच चूक उतरेल आणि दोन्ही उत्तरं आनंदानं जुळतील.

दुसरा आधार जाहीर नियमांचा. उसाच्या बिलाचा प्रोग्राम हातात असेल तर २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला किंवा घटला की ३.४६ रुपयांचा फरक पडतो, आणि ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही. आता ही तळाची अट प्रोग्राममध्ये घातली आहे का हे कसं तपासाल? ९.५ हा आकडा टाकून कळणार नाही. अट असो वा नसो, ९.५ ला उत्तर ३२९.०५ च येतं. ९.४ टाकावा लागतो: अट असेल तर ३२९.०५, विसरली असेल तर ३२५.५९. नेमका सीमेवरचा आकडा टाकून समाधान मानणारे इथे हमखास फसतात. दोन शक्यतांची उत्तरं जिथे वेगळी पडतात तो आकडा शोधायचा असतो.

तिसरा आधार नात्यांचा. एका इनपुटचं खरं उत्तर ठाऊक नसलं तरी दोन उत्तरांमधलं नातं ठाऊक असतं. लिटर दुप्पट केले की रक्कम दुप्पट व्हावी. वीस उत्पादकांच्या नोंदी उलट क्रमानं केल्या तरी सत्राची बेरीज तीच यावी. नोंद दुरुस्त करून पुन्हा मूळ आकडा टाकला तर बिल जिथल्या तिथे यावं. एसएनएफ तोच ठेवून फॅट वाढवलं तर दर घटू नये. या पद्धतीला मेटामॉर्फिक टेस्टिंग म्हणतात, टी. वाय. चेन यांनी १९९८ मध्ये ती मांडली. बंद पेटीसाठी याच्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही, कारण इथे पेटी स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. फक्त नातं लिहिताना दरपत्रक डोळ्यांखालून घाला. काही दरपत्रकांत कमी एसएनएफला मोठी कपात असते, तिथे सरळ चढती रेघ मिळणार नाही आणि तो दोष प्रोग्रामचा नसेल.

गट पाडा, मग कडा धरा

फॅटच्या शक्य त्या सगळ्या किमती टाकणं जमणार नाही आणि गरजही नाही. ज्या किमतींना पेटी एकसारखी वागेल असं वाटतं त्यांचा एक गट करा आणि गटातून एक-दोन प्रतिनिधी उचला. गायीच्या दुधासाठी गट असे पडतील: स्वीकारायच्या मर्यादेच्या खालचं, मर्यादा ते ३.५, ३.५ च्या वरचं, गायीचं वाटणारच नाही इतकं जास्त, शून्य, ऋण, रिकामं, अंकाऐवजी अक्षर. चुकीच्या गटांबाबत एक पथ्य पाळा: एका वेळी एकच चूक घाला. फॅटही चुकीचं आणि लिटरही चुकीचे टाकले आणि प्रोग्रामनं नोंद नाकारली, तर कुठल्या कारणानं नाकारली ते कळत नाही. लिटरच्या तपासणीआड फॅटची न केलेली तपासणी लपून राहते.

कडा तपासताना टप्प्याला धरून चाला. टप्पा ०.१ असेल तर ३.४, ३.५, ३.६. मशीन दोन दशांश पाठवत असेल तर ३.४९, ३.५०, ३.५१ आणि त्याशिवाय ३.४४, ३.४५, ३.४६, कारण दर काढायच्या आधी प्रोग्राम एक दशांशावर राउंड करतो की नुसता तोडतो हे तिथेच कळतं.

राउंडिंगवर थोडा जास्त वेळ घालवा. पैशाचे बहुतेक घोळ इथेच होतात. रक्कम नेमकी अर्ध्या पैशावर येईल असे आकडे मुद्दाम बनवावे लागतात, आणि त्याची कृती सोपी आहे. दराच्या पैशांचा शेवटचा अंक ५ असावा आणि लिटरचा दशांश विषम असावा. समजा दर ३६.८५ आहे: ७.३ लिटरचे २६९.००५ रुपये होतात. किंवा लिटरचा दशांश ५ ठेवा आणि दराचा शेवटचा अंक विषम: ३६.८३ च्या दरानं ७.५ लिटरचे २७६.२२५. आता प्रोग्राम वर जातो, खाली जातो, की जवळच्या सम अंकाकडे जातो ते पाहा. सम अंकाकडे जाण्याची रीत काही प्रोग्रामिंग भाषांमध्ये मुळातच असते, पायथनमध्ये २.५ राउंड केले की २ येतात. दशांश संख्या संगणकात द्विमान पद्धतीनं (फक्त ० आणि १ वापरून) साठवल्या की आणखी एक घोळ होतो. २.६७५ ही संख्या आत किंचित कमी साठते, म्हणून पायथन तिचे दोन दशांशांवर २.६७ करतं, आणि तुमचं स्प्रेडशीट २.६८ दाखवतं. त्यामुळे अर्ध्या पैशाचं एकच उदाहरण टाकून निकाल लावू नका. निदान वीस टाका आणि सगळे एकाच दिशेनं जातात का ते बघा. काही वर, काही खाली असं विनानियम दिसलं तर आत द्विमान दशांश आहेत असा अंदाज बांधायला हरकत नाही.

एका पैशानं काय बिघडतं? दोनशे उत्पादक, दिवसाला दोन सत्रं, दहा दिवस: चार हजार नोंदी. प्रत्येक नोंदीचा तिसरा दशांश नुसता तोडला तर सरासरी अर्ध्या पैशाच्याही आत, ०.४५ पैसा जातो, म्हणजे बिलामागे सगळ्यांचे मिळून अठरा रुपये. रक्कम छोटी आहे, पण पावत्यांची बेरीज आणि संघाकडून आलेली बेरीज जुळत नाही, आणि ती न जुळण्याचं कारण शोधण्यात सचिवाची रात्र जाते.

तारखेच्या कडाही याच वहीत लिहा. बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघत असेल तर १०, ११, २०, २१ आणि २८, २९, ३०, ३१ या तारखांना नोंदी हव्यात. २९ फेब्रुवारी २०२८ घ्या, ३१ मार्च आणि १ एप्रिल घ्या. संध्याकाळचं सत्र मध्यरात्रीनंतर बंद केलं तर नोंद कुठल्या दिवशी जाते तेही पाहा. गाडी उशिरा आलेल्या दिवशी हे खरोखर घडतं.

ठाऊक नसलेली कड शोधायची कशी

मर्यादा कागदावर नसतेच कधीकधी. एका नोंदीत जास्तीत जास्त किती लिटर चालतात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, समजा. १० चालतात, १,००० चालत नाहीत, एवढंच ठाऊक आहे. ०.१ च्या टप्प्यानं मध्ये जवळपास दहा हजार किमती आहेत. मधली टाका: ५०५. नाकारली, तर १० आणि ५०५ च्या मधली २५७.५. स्वीकारली, तर पुढे ३८१.२. असं अर्धं-अर्धं करत गेलं की चौदा प्रश्नांत कड हाती लागते. पण ही युक्ती कड एकच असेल तेव्हाच खरी. आत दोन कडा असतील, उदाहरणार्थ शंभरच्या पुढे दुसरा दर लागतो आणि चारशेला नोंद नाकारली जाते, तर अर्धं करण्याच्या खेळात पहिली कड निसटते. म्हणून आधी भरड चाळणी लावा: १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५००. जिथे जिथे वागणं बदलतं त्या प्रत्येक पट्ट्यात मग बारीक शोध घ्या.

आतलं सूत्रही असंच बाहेरून उकलता येतं. काही केंद्रांवर एसएनएफ थेट येत नाही, लॅक्टोमीटरची डिग्री आणि फॅट यांवरून काढतात. रिचमंडच्या सूत्राचा एक प्रचलित प्रकार असा: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. स्थिरांक जागोजागी वेगळे असतात, तुमच्या प्रोग्राममध्ये कुठले आहेत ते विचारून घ्यायचं. फॅट ४.० वर रोखा आणि डिग्री २८ वरून २९ करा. वरचं सूत्र असेल तर एसएनएफ ८.२० वरून ८.४५ होईल. मग डिग्री २८ वर रोखून फॅट ४.० चं ५.० करा, जो फरक येईल तो फॅटचा गुणक. दोन्ही गुणक कळले की उरलेला स्थिरांक वजाबाकीनं निघतो. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, बाकी सगळं खिळवून ठेवायचं. शेवटी एक असा आकडा टाका जो सूत्र बांधताना वापरला नव्हता, फॅट ६.७ आणि डिग्री ३१ असा काहीतरी, आणि आपला अंदाज जुळतो का ते बघा. तो जुळेपर्यंत सूत्र सापडलं असं म्हणू नका.

जोड्या

दुधाचा प्रकार दोन, सत्रं दोन, नोंद मशीनवरून की हातानं असे दोन, मोजमाप लिटर की किलो असे दोन. उत्पादक तीन तऱ्हेचे: सभासद, बिगरसभासद, दुसऱ्या गावचा गवळी. पैसे देण्याच्या तीन रीती: रोख, बँकेत, उचलीत वळते. सगळे मेळ १४४ होतात. पण कुठल्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढीच अट ठेवली तर ९ नोंदी पुरतात. हातानं करायचं तर तीन-तीन किमतींच्या दोन रकान्यांचे नऊ मेळ आधी लिहा, मग दोन-दोन किमतींचे रकाने असे भरा की त्यांच्या आपसातल्या आणि पहिल्या दोन रकान्यांबरोबरच्या सगळ्या जोड्या येतील. रकाने वाढले की हातानं जमत नाही. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट नावाचं फुकट साधन हे काम क्षणात करतं आणि "बिगरसभासदाला उचल नाही" अशा अटीही त्याला सांगता येतात. अटी सांगितल्याच पाहिजेत. नाहीतर अशक्य मेळ असलेली ओळ प्रोग्राम नाकारतो आणि त्या ओळीतल्या बाकीच्या जोड्या न तपासता राहतात.

जोड्यांवर थांबणं कितपत सुरक्षित आहे? अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेतल्या रिक कून आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रत्यक्षातले बिघाड तपासले. बहुतेक बिघाड एका किंवा दोन गोष्टींच्या मेळानं होत होते, आणि त्यांनी पाहिलेल्यांपैकी कुठल्याही बिघाडाला सहापेक्षा जास्त गोष्टी एकत्र याव्या लागल्या नव्हत्या. म्हणून सुरुवात जोड्यांनी करा आणि पैशाशी थेट संबंध असलेल्या चार-पाच रकान्यांपुरते तीन-तीनचे मेळ घ्या.

किलो-लिटरच्या जोडीकडे वेगळं लक्ष द्या. दुधाचा एक लिटर साधारण १.०३ किलो भरतो. काटा किलो दाखवतो आणि प्रोग्राम त्यालाच लिटर समजतो, ही चूक एकेका रकान्याच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

क्रम

काही बिघाड एका इनपुटनं होत नाहीत, क्रमानं होतात. क्रिया सहा धरा: सत्र उघडणे, नोंद, दुरुस्ती, रद्द, सत्र बंद, बिल काढणे. एकीनंतर दुसरी अशा ३६ जोड्या होतात, एकच क्रिया लागोपाठ दोनदा हेही त्यात धरून. या छत्तीसही चालवा. बिल काढल्यावर दुरुस्ती होते का? रद्द केलेली नोंद पुन्हा रद्द केली तर बेरीज दोनदा घटते का? सत्र बंद असताना मशीनवरून आकडा आला तर तो हरवतो, की पुढच्या सत्रात जातो? प्रत्येक क्रमानंतर फक्त पडदा बघू नका. पावती, सत्राची बेरीज आणि बिल या तिन्ही ठिकाणी आकडा एकच आहे ना ते ताडा.

या उत्तरांवरून पेटीच्या अवस्थांचा नकाशा कागदावर आपोआप तयार होतो. हेच काम संगणकाकडून करून घेण्याची रीत डेना अँग्लुइन यांनी १९८७ मध्ये दिली. एल-स्टार नावाची ही रीत पेटीला क्रम विचारत जाते आणि मिळालेल्या उत्तरांवरून अवस्था-यंत्र बांधते. पेटीला दर वेळी मूळ अवस्थेत आणता येत असेल तर तिचं तयार साधन वापरून बघा.

वीज जाणं हाही क्रमातलाच एक भाग आहे. नोंद साठवताना, पावती छापताना आणि बिल निघताना, तिन्ही वेळी चाचणीच्या संगणकाची वीज तोडा. परत चालू केल्यावर नोंद एकदाच असावी. अर्धी किंवा दोनदा नसावी.

मराठी मजकूर

परदेशी मार्गदर्शिका इथे उपयोगाच्या नाहीत, आणि आपल्याकडच्या प्रोग्राममध्ये चुका इथेच भरपूर सापडतात. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी आणि हलन्तही स्वतंत्र चिन्हं आहेत. "विश्वासराव" हे नाव डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं, पण त्यात दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. नावाचा रकाना बत्तीस बाइटांचा असेल तर "विश्वासराव पाटील" यातले तीस बाइट नावाचे, एक मोकळ्या जागेचा आणि एकच बाइट "प" चा आत जातो. तो तुकडा पावतीवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन छापला जातो, नाहीतर छपाईच अडकते. म्हणून नावांची लांबी अक्षरांत नाही, बाइटांत मोजून इनपुट बनवा.

"दऱ्याप्पा" हे नाव दोन तऱ्हांनी टंकता येतं. एका तऱ्हेत र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. दुसरीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळी माणसं. एका तऱ्हेनं नोंदवा, दुसरीनं शोधा. फॅटच्या रकान्यात देवनागरी अंक टाका, इंग्रजी अंक टाका, दोन्ही मिसळून टाका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली नावं चिकटवून बघा. नावाआधी आणि नंतर मोकळी जागा सोडा. एकाच गावात एकाच नावाचे तीन उत्पादक घाला आणि वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवा. मग नावावरून शोधल्यावर पैसे कुणाच्या खात्यात जातात ते पाहा.

यादृच्छिक मारा

इथवरचे सगळे इनपुट विचार करून बनवलेले. माणसाला सुचत नाही ते गाठायला यादृच्छिक (रँडम) इनपुट लागतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी १९८८ मध्ये हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतला. वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरच्या खरखरीनं अक्षरं बिघडून प्रोग्राम कोसळताना त्यांनी पाहिले होते. १९९० मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, निव्वळ अर्थहीन अक्षरांच्या माऱ्यानं युनिक्सवरचे पाव ते एक तृतीयांश उपयोगी प्रोग्राम कोसळल्याची किंवा अडकल्याची नोंद आहे. या पद्धतीला त्यांनी दिलेलं फझ हे नावच पुढे रुळलं.

दूध केंद्रावर माऱ्याची योग्य जागा म्हणजे मशीन आणि काट्याकडून येणारी सीरियल तार. तिथून येणाऱ्या मजकुरावर प्रोग्राम डोळे झाकून विश्वास ठेवतो. आधी खऱ्या मशीनच्या दोन-तीनशे ओळी फाइलमध्ये साठवा. मग मशीनच्या जागी दुसरा संगणक जोडा, किंवा एकाच संगणकावर आभासी पोर्टची जोडी बनवा, आणि त्या ओळी बिघडवून पाठवा: शेवट तोडलेली ओळ, एकच ओळ दोनदा, दोन ओळी चिकटून, टिंबाच्या जागी स्वल्पविराम, मध्येच एक अक्षर बदललेलं, रिकामी ओळ, हजार अक्षरांची ओळ, निम्मी ओळ आणि उरलेली पाच सेकंदांनी. खऱ्या ओळी थोड्या बिघडवणं शून्यातून कचरा बनवण्यापेक्षा जास्त फळतं, कारण निव्वळ कचरा पहिल्याच तपासणीत बाहेर फेकला जातो आणि आतल्या हिशोबापर्यंत काहीच पोचत नाही. ओळीच्या शेवटी, ओळ नीट पोचली का हे ताडणारी तपासणी-बेरीज (चेकसम) असेल तर बिघडवल्यावर ती नव्यानं काढून जोडा, नाहीतर तुम्ही फक्त तीच एक तपासणी पुन्हापुन्हा तपासत बसाल.

रकान्यांचे आकडे यादृच्छिक घेताना सगळ्या किमतींना सारखी संधी देऊ नका. शंभरातले साठ नेहमीच्या पट्ट्यातले, पंचवीस कडांच्या आसपासचे, पंधरा अचाट, असं प्रमाण सुरुवातीला बरं पडतं. आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून त्यांची मालिका सुरू होते तो, दर फेरीत लिहून ठेवा. बीज नसेल तर रात्री दोन वाजता सापडलेला बिघाड सकाळी कुणालाच दाखवता येत नाही. कोन क्लासन आणि जॉन ह्यूज यांच्या २००० सालच्या क्विकचेकपासून निघालेली साधनं, पायथनमधलं हायपोथेसिस त्यांतलंच एक, आकडे बनवणं, नातं तपासणं आणि बिघाड सापडल्यावर इनपुट लहान करणं ही तिन्ही कामं करतात.

बिघाड सापडल्यावर

मूळ प्रत परत टाकून तोच क्रम तीनदा चालवा. एखाद्या वेळी जरी बिघाड आला नाही, तर एखादं न दिसणारं इनपुट यादीतून सुटलं आहे. बहुधा घड्याळ, नाहीतर मशीनच्या ओळींमधलं अंतर. तिन्ही वेळा आला, तर इनपुट लहान करा. चाळीस नोंदींनी बिघडत असेल तर पहिल्या वीसनी बिघडतं का बघा, मग दुसऱ्या वीसनी. दोन्हींनी नाही बिघडलं तर चार भाग करून एकेक भाग गाळा. दोन-तीन नोंदींवर आल्यावर आकडे सोपे करा: ७.३ चे ७, ३.८७ चे ३.९, लांब नावाचं एक अक्षर. जो सोपेपणा आणल्यावर बिघाड नाहीसा होतो, कारण त्याच्याच आसपास असतं.

प्रोग्राम बनवणाऱ्याला पाठवताना आवृत्ती, संगणकाची तारीख, सुरुवातीची प्रत, नेमका क्रम, अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर एवढं द्या. "बिल चुकतंय" अशा तक्रारीवर कुणाला काही करता येत नाही. "१० तारखेला सत्र बंद करून नोंद रद्द केली की बेरीज दोनदा घटते" यावर त्याच दिवशी काम सुरू होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक बिघाड कायमच्या संचात ठेवा आणि दर नव्या आवृत्तीला, दर नव्या दरपत्रकाला तो संच पुन्हा चालवा.

थांबायचं कधी

आतला कोड दिसत नाही, त्यामुळे किती टक्के कोड तपासला हे मोजता येत नाही. बाहेरून दिसतं ते मोजा. प्रोग्राम दाखवत असलेले वेगवेगळे संदेश, पावतीचे वेगवेगळे नमुने, दरपत्रकातला प्रत्येक पट्टा, अवस्थांच्या नकाशातला प्रत्येक बाण, यांची यादी करा आणि पाहिलेल्यावर खूण करा. माहितीपुस्तिकेत असलेला एखादा संदेश एकदाही दिसला नसेल तर तो आणणारं इनपुट अजून बनवायचं राहिलं आहे. दर शंभर इनपुटमागे किती नवी वागणूक दिसली तेही लिहा. सलग तीन-चार शेकड्यांत काहीच नवं दिसलं नाही तर ती पद्धत आटली असं समजा आणि दुसरी घ्या: आकड्यांवरून क्रमावर, क्रमावरून मजकुरावर, मजकुरावरून तारेवर. चारही आटल्या की संच बंद करा, तारीख घाला आणि पुढचं दरपत्रक लागू व्हायच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडा.